बाराशे द्यायला हरकत नाही

मे महिन्याच्या सहलींचं बुकिंग सुरू झालं की डोंबिवलीच्या फडके रोडपासून ठाण्याच्या गोखले रोडपर्यंत एक तक्रार हमखास कानावर पडते. "शेजारी असून भूतानवाले आपल्याकडून पैसे घेतात!"

घेतात. माणशी, रात्रीला 1200 रुपये. सप्टेंबर 2022 पासून भारतीय पर्यटकाला हे शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. आईवडील आणि आठ-दहा वर्षांची दोन मुलं पाच रात्री राहिली, तर झाले 18 हजार. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम जाणवते.

तरीही ती योग्य आहे. अख्ख्या भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. 2011च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची साडेबारा लाखांच्या घरात होती. एवढ्याशा देशाने 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची, असं राज्यघटनेत लिहून ठेवलंय. युरोप-अमेरिकेच्या पाहुण्याकडून ते रात्रीला 100 डॉलर घेतात. आपल्याला शेजारी म्हणून सवलतच आहे. पावसाळी रविवारनंतर माळशेज घाटात काय उरतं, ते पाहिलेल्या माणसाने तरी गर्दीला लगाम घालणाऱ्या शेजाऱ्याला नावं ठेवू नयेत.

ठाणेकराची चीड कुठून येते, तेही ठाऊक आहे. आनंदनगर आणि ऐरोलीच्या नाक्यांवर त्याने वर्षानुवर्षं टोल भरला, शेवटी 45 रुपयांपर्यंत. ऑक्टोबर 2024 मध्ये कुठे हलक्या वाहनांची सुटका झाली. पण तो पैसा पोटापाण्यासाठी नाका ओलांडणाऱ्याकडून घेतला जायचा. हा हौसेने फिरायला आलेल्याकडून घेतला जातो. दोन्हींना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही.

आणि शेजारधर्माचं म्हणाल, तर तो शाबूत आहे. सोसायटीतला नेपाळी वॉचमन सणाला गावी निघतो, गोरखपूरला उतरतो आणि सोनौलीची चौकी चालत पार करतो. परत येतो तेव्हा इथे राहायला, कमवायला त्याला व्हिसा लागत नाही. 31 जुलै 1950च्या भारत-नेपाळ कराराने ही मोकळीक दोन्हीकडच्या लोकांना दिली आहे. आपल्यालाही नेपाळ आणि भूतानसाठी व्हिसा लागत नाही.

राग काढायचाच, तर तो अर्धवट माहिती देणाऱ्या जाहिरातींवर काढा. वर सहलीची किंमत ठळक आकड्यात, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'परमिट व शुल्क वेगळे'. कागदपत्रांबद्दल तर चकार शब्द नाही. 'व्हिसा नको' एवढंच ऐकून माणसं आधार कार्ड खिशात घालून विमानतळ गाठतात. विमानाने नेपाळ-भूतानला जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते 15 वर्षांखालच्यांना आणि 65 वर्षांवरच्यांना. कॉलेजात जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे ही दोन्ही नसली, की चेक-इनच्या काउंटरवर सगळं घर अडकतं. घरात मतदार यादीत नाव न घातलेलं तरुण माणूस असेल, तर आजच अर्ज करा. सहलीच्या आदल्या आठवड्यात कार्ड हातात पडत नाही.

आणि पैसे भरण्याआधी सहल कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. दर माणशी, दर रात्री सरकारी शुल्क किती? ते पॅकेजमध्ये धरलंय का? घरातल्या प्रत्येकासाठी, वयाप्रमाणे, कुठला मूळ कागद लागेल? जी कंपनी हे लिहून देत नाही, तिच्याकडे बुकिंगचा एक रुपयाही भरू नका.