दाजींचं ॲव्हरेज

आमच्या दाजींना ताईचा वाढदिवस आठवत नाही, पण गाडी लिटरला किती देते हे झोपेतून उठवलं तरी पॉइंटसकट सांगतील. पुण्याहून चिपळूणला निघताना 'उगाच वजन' म्हणून ते स्टेपनीच काढून ठेवत होते. ताईने डोळे वटारले म्हणून स्टेपनी राहिली, माझी बॅग गेली.

एसी बंद, कारण कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. काचाही बंद, कारण उघड्या काचांनी हवा अडते. महिना मे.

खंबाटकी चढताना गाडी पाचव्या गिअरमध्येच. बॉनेटखाली ठकठक सुरू झाली, डॅशबोर्डवरचा गणपती थरथरू लागला.

"दाजी, गिअर टाका की!"

"खालचा गिअर पेट्रोल पितो."

मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना. गाडी अगदी आचके देऊ लागली तेव्हा कुठे तिसरा पडला.

खरी मजा कोयनानगर सोडल्यावर. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी दाजींनी गाडी न्यूट्रल केली. "आता पोफळीपर्यंत फुकट!" कोयनेचं पाणी याच डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरताना वीज तयार करतं, दाजी नुसती उष्णता तयार करत होते. वळणागणिक ब्रेक. पेडल हळूहळू खोल जायला लागलं.

"काहीतरी जळतंय हो," ताई म्हणाली.

"पुढच्या ट्रकचं असेल." पुढे ट्रक नव्हता.

मग दाजींचा हात चावीकडे गेला. मी तो वरच्यावर धरला. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चारदा दाबेपर्यंतच टिकते, आणि स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. डाव्या हाताला दरी होती.

चिपळूणच्या मेकॅनिकने चाक काढलं. डिस्क निळी पडली होती, पॅड काचेसारखे गुळगुळीत.

"न्यूट्रलला उतरवलीत ना? गाडी इंजेक्शनची आहे, काका. गिअरात ठेवून ॲक्सिलरेटर सोडलात की चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच."

डिस्क-पॅडचं बिल दाजींनी मुकाट्याने दिलं. फुकटच्या उतारावर पेट्रोल गेलं, हे मात्र जिव्हारी लागलं.

जाता जाता त्याने टायर तपासले. चारही टायरमध्ये हवा कमी. हवा कमी असली की टायर जड फिरतो आणि पेट्रोल खरोखरच जास्त जातं. हवा पंपावर फुकट मिळते. पण दाजी तिथे थांबत नाहीत, गाडी पुन्हा चालू करायला पेट्रोल लागतं म्हणून.