डोंबिवली ते बीकेसी, व्हाया भत्ता

युरोपची सहल करून आलेली माणसं प्रवासवर्णन का लिहितात, हे मला कळत नाही. त्यांनी प्रवास केलेलाच नसतो. बस हॉटेलच्या दारात येते, गाइड नावानिशी हाक मारतो, खिडकीची जागा नाश्त्याआधीच ठरलेली असते. याला सरबराई म्हणतात. प्रवास डोंबिवली स्थानकात सकाळी आठच्या सुमाराला सुरू होतो आणि वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, साडेनऊच्या आत यंत्रावर अंगठा टेकवला की संपतो. अंगठा घामाने निथळत असल्यामुळे यंत्र तो ओळखत नाही, हा या यात्रेचा शेवटचा टप्पा.

यंदा आमच्या कंपनीने 'कर्मचारी प्रवास-सुविधा धोरण' काढलं. पर्याय तीन: दरमहा रोख भत्ता, मेट्रोचा खर्च किंवा कुर्ला स्थानकाबाहेरून कंपनीची बस. तिन्हींपैकी एकच निवडायचा. धोरण आखणाऱ्या एचआरच्या मॅडम बीकेसीच्या शेजारी कलानगरात राहतात, त्यामुळे दूरच्या प्रवासाबद्दल त्यांची मतं अगदी स्वच्छ आहेत. "सर, तिन्ही ट्राय करून बघा ना," त्या म्हणाल्या. जग पाहायला निघालेल्या माणसाला याहून मोठं आमंत्रण कुठलं?

पहिला पर्याय रोख भत्ता, म्हणजे आपली लोकल. भत्ता कितीही असो, लोकलचा पास त्यातून निघतोच, कारण उपनगरी पासाइतकी स्वस्त चीज मुंबईत दुसरी नाही. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा फेऱ्यांच्या पैशांत मिळतो. 2014 च्या जूनमध्ये रेल्वेने हा हिशेब तीस फेऱ्यांवर न्यायचं ठरवलं आणि मुंबईत असा गदारोळ उठला की काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. उरलेल्या फेऱ्यांचे पैसे आम्ही बरगड्यांतून भरतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, तेव्हा साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, 14 डबे आणि 400 पाहुणे होते. डब्यामागे पुरती तीस माणसंही नाहीत! आज तेवढे पाहुणे एकाच डब्यात असतात आणि यजमानाचा पत्ता नसतो. रेल्वेच्या दप्तरी या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे: एका चौरस मीटरमध्ये उभे 14 ते 16 प्रवासी. चौरस मीटर म्हणजे आमच्या घरचं जेवणाचं टेबल. त्याभोवती चौघं बसले तरी आमटी सांडते.

डोंबिवलीहून सुटणारी लोकल रिकामी येते, अशी परगावच्या लोकांची समजूत असते. ती फलाटाला लागते तेव्हाच भरलेली असते. दिवा, मुंब्रा इथली मंडळी उलट दिशेने येऊन आधीच बसलेली असतात. त्यांच्या मते हा हुशारीचा भाग, आमच्या मते दरोडा. यावर रोज चर्चा होते.

"काका, तुम्ही दिव्याचे ना? मग दिव्याला चढा की!"

"दिव्याला चढायला मिळालं असतं, तर डोंबिवलीचं तोंड कशाला पाहिलं असतं?"

याला उत्तर नाही. मग ठाण्यापर्यंत उभं राहायचं, कुणाच्या तरी कृपेने तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळते का पाहायचं आणि घाटकोपर गेलं की पुढच्याच्या पाठीला विचारायला लागायचं, "कुर्ला उतरणार का?" पाठ 'हो' म्हणाली तर आपण आपोआप उतरतो. 'नाही' म्हणाली, तर दादर बघून परत यायचं.

वातानुकूलित लोकलचीही वारी केली. पश्चिम रेल्वेवर ती 25 डिसेंबर 2017 ला, नाताळची भेट म्हणून आली. आमच्या मध्य रेल्वेवर पुढे यथावकाश. तिचे दरवाजे आपोआप मिटतात, मात्र मधे माणूस नसेल तर. मधे माणूस असतोच. तो पोट आत घेतो, मागचे त्याला आणखी आत घेतात, दार मिटतं आणि अख्खा डबा एकदम श्वास सोडतो. या गाडीचा पास काढला की भत्ता मात्र पहिल्या आठवड्यातच संपतो.

इथे थोडं गंभीर व्हायला हवं, कारण वाटेत मुंब्र्याचं वळण लागतं. 9 जून 2025 च्या सकाळी या भागात दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. काहींचे जीव गेले. दारात हौसेने लटकणारे असतात, नाही असं नाही. पण सकाळी नऊच्या आत लटकणारे बहुतेक जण पुढची गाडी घेतली तर लेटमार्क लागेल या भीतीनेच लटकतात. त्या वळणावर आमच्या डब्यातली चर्चा आजही आपोआप थांबते.

दुसरा पर्याय मेट्रो. घाटकोपरला उतरायचं, 8 जून 2014 ला सुरू झालेली, वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडायची, मरोळ नाक्याला उतरून जमिनीखाली जायचं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी धावू लागलेल्या भुयारी ॲक्वा लाइनने खाली यायचं. बीकेसी घाटकोपरच्या नैर्ऋत्येला आहे, म्हणून मेट्रो आधी आपल्याला वायव्येला नेते. भूमितीत दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर सरळ रेषेत असतं. मुंबईत ते मरोळ नाक्यावरून जातं. पण काय सांगू त्या भुयाराचं वैभव! सरकते जिने, गार हवा, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत नाही. एक गृहस्थ चक्क पुस्तक वाचत होते, दोन्ही हातांनी! मी डोळे भरून पाहून घेतलं. मात्र मेट्रो घाटकोपरला सुरू होते आणि मी डोंबिवलीला, हा मधला तपशील धोरणात नव्हता. घाटकोपरपर्यंतची लोकल स्वखर्चाने आणि स्वबरगडीने.

तिसरा पर्याय कंपनीची बस. हिची गंमत अशी की नोकरीच्या मालकाने घर ते कचेरी नेण्याआणण्यासाठी वाहन दिलं, तर आयकर कायदा ती करपात्र सवलत धरत नाही, तिच्यावर कर नाही. त्या बसचा वेग पाहता कर लावणं माणुसकीला धरूनही झालं नसतं. कुर्ला पश्चिमेला ती उभी असते. म्हणजे तिथे रिक्षा, हातगाड्या, बेस्टच्या बसगाड्या आणि माणसं यांच्या मधोमध ती अडकलेली असते. ज्या इमारतीत कामाला जायचं तिचा काचेचा मजला बसच्या खिडकीतून बराच वेळ दिसत राहतो आणि जवळ येत नाही. शेअर रिक्षातले तिघं पुढे जातात, चालणारा पुढे जातो. बीकेसीतच बुलेट ट्रेनचं भुयारी स्थानक उभं राहतंय. अहमदाबादपर्यंतचे 508 किलोमीटर ती दोन तासांच्या आसपास कापणार आहे. तेव्हा डोंबिवलीचा फ्लॅट विकून अहमदाबादला राहायला जावं, असा ठराव आमच्या बसमध्ये एकमताने मंजूर झाला आहे.

आता भत्त्याची कुंडली. पगारदाराचा प्रवास भत्ता महिना 800 रुपयांपर्यंत करमुक्त असे. 2015 मध्ये ती मर्यादा 1600 झाली. 2018 च्या अर्थसंकल्पाने ही सूट आणि औषधोपचाराच्या खर्चाची वर्षाला 15,000 ची सूट, दोन्ही काढून 40,000 ची प्रमाणित वजावट दिली. जुन्या दोन्ही सवलती मिळून वर्षाला 34,200 होत. म्हणजे लोकलमध्ये चेंगरणं आणि मग डॉक्टरकडे जाणं यांचा संबंध सरकारनेही ओळखला होता! केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मुंबईसारख्या शहरात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मधल्या स्तराला 3600 रुपये आणि वर त्यावरचा महागाई भत्ता मिळतो, पण पूर्ण महिना रजेवर असेल तर मिळत नाही. रास्तच आहे, घरी बसून कोण चेंगरतं?

माझा भाचा टोकियोत असतो. तिथे कंपनी घर ते कचेरी रेल्वेचा पास काढून देते आणि महिना दीड लाख येनपर्यंत त्यावर कर नाही. अट एवढीच की मार्ग वाजवी आणि काटकसरीचा असावा. "मामा, गर्दी इथेही आहे," तो म्हणाला, "पण गाडी उशिरा आली तर रेल्वे तसा दाखला देते. तो ऑफिसात दाखवायचा." मी फोन ठेवला. येनचा हेवा वाटला नव्हता, दाखल्याचा वाटला.

आपल्याकडेही शहाणपण अगदीच नाही असं नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि त्यांना घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. दार म्हणजे दार, कुर्ला स्थानक नव्हे. 2023 मध्ये मध्य रेल्वेने शेकडो कार्यालयांना पत्रं पाठवून कामाच्या वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली आणि स्वतःच्या मुख्यालयात दोन वेळा लागू करून दाखवल्या. गाडी वाढवायला रूळ लागतो, डबा लागतो, वर्षं लागतात. वेळ बदलायला एक परिपत्रक पुरतं.

मॅडमनी माझा अर्ज उघडला. "सर, तुम्ही तिन्ही रकाने रिकामे ठेवलेत."

"खाली चौथा लिहिलाय."

"'साडेनऊऐवजी साडेअकरा.' पण सर, यात कंपनीचा खर्च काहीच नाही!"

"म्हणूनच मंजूर होणार नाही, अशी भीती वाटते."

तेव्हा मालकहो, भत्ता जरूर द्या, तो कुणाला नको असतो? पण आधी तो साडेनऊचा हट्ट सोडा. गर्दीच्या तासातून सुटका हीच मुंबईच्या नोकरदाराला देता येण्याजोगी सगळ्यांत मोठी प्रवास-सुविधा आहे, आणि तिच्यावर अजून तरी कर नाही.