फोटो काढणं आणि पैसे काढणं

परतवाड्याच्या ज्या स्टुडिओत मी धंदा शिकलो, तिथे एक काळा कोट होता. मागून पाठीवर उभा फाडलेला. म्हणजे कितीही आडवा माणूस आत शिरला तरी समोरून मापात दिसायचा. काटकुळा आला की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. एका पिढीतल्या अर्ध्या तालुक्याची लग्नं त्या कोटाने जुळवली. शेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि पडद्यावर रंगवलेलं काश्मीर. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "फोटो त कोनीबी काढते बे. पैसे काढून दाखव."

मला वाटलं, म्हातारा कोटी करतोय. मी तर 'कमर्शियल' व्हायला आलो होतो. कुठेतरी वाचलं होतं की गौतम राजाध्यक्ष आधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, मग 1974 साली लिंटास या जाहिरात कंपनीत गेले, आणि पुढे अख्खी सिनेसृष्टी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. रसायनशास्त्रात मी बारावीला काठावर सुटलो होतो, म्हणजे सुरुवात तर झालीच होती.

भाऊंनी कॅमेऱ्याबरोबर हातात अंडं दिलं. पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं, दिवा एकच, आणि फोटोत अंडं गोल दिसलं पाहिजे. पहिल्या दिवशी माझं अंडं पापडासारखं चपटं आलं. दुसऱ्या दिवशी कागदात विरघळलं, नुसती सावली उरली. तिसऱ्या दिवशी भाऊंनी दिवा ओढून बाजूला घेतला, पलीकडच्या अंगाला वहीचं कोरं पान उभं केलं, आणि अंड्याच्या काळोख्या बाजूला उजेडाची एक बारीक कड उमटली. अंडं कागदावरून उचलून घ्यावंसं वाटलं. "दिवा दुप्पट लांब नेला का उजेड निम्मा नाई होत, चौथाई होते. हे समजलं का अर्धा धंदा समजला," भाऊ म्हणाले. उरलेला अर्धा त्यांनी सांगितला नाही. आठ दिवसांत दोन डझन अंडी लागली. ऑम्लेट मी खाल्ली. महिनाअखेरीस पगारातून दोन डझन अंड्यांचे पैसे कापलेले निघाले.

पहिली स्वतंत्र ऑर्डर आली ती सेमाडोहहून. व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात, सिपना नदीच्या काठी वसलेलं हे गाव. धारणीकडे जाणारी मंडळी इथे गाडी थांबवतात ती वाघासाठी नव्हे, रबडीसाठी. वाघ दिसेलच याची खात्री वनखातंही देत नाही. गवळ्यांची रबडी मात्र दिसतेच. तर एका गवळीबाबांच्या पोराला डब्यावर लेबल लावायचं होतं आणि लेबलवर रबडीचा फोटो हवा होता.

भाव काय सांगायचा, ते मी आदल्या रात्री कागदावर मांडलं. पेट्रोल, कॅमेऱ्याची झीज, अर्धा दिवस, मदतनिसाची हजेरी, शिवाय फोटो लेबलावर वापरायचा वेगळा हक्क. बेरीज आली साडेतीन हजार. परतवाडा सोडताना आकडा साडेतीन हजारच होता. घटांगला चहा घेताना तो अडीच हजार झाला. पुढे वळणागणिक भाव उतरत गेला, आणि सेमाडोहची पाटी दिसली तेव्हा मी मनातल्या मनात पंधराशेवर येऊन, "बघा, तुम्हाला काय परवडतं ते," हे वाक्य घोकत होतो.

रबडी आली ती स्टीलच्या वाटीत. चकचकीत, खास घासलेल्या. दोन्ही फ्लॅश उभे केले, छत्र्या उघडल्या आणि लाइन गेली. पोरगा म्हणाला, "येते ना भाऊ सांजेलोक." मग सगळा स्टुडिओ उचलून पडवीत आणला. पहिला फोटो काढून पाहिला तर वाटीच्या पोटात मी, माझा पिवळा टी-शर्ट, तीस पोरं आणि एक म्हैस. चकचकीत भांड्याचा फोटो म्हणजे भांड्याचा नसतोच; भांड्याला जे दिसतं त्याचा असतो. शेवटी बाबांचं धुतलेलं धोतर मागून घेतलं, वाटीभोवती तंबू केला आणि निऱ्यांच्या फटीतून लेन्स आत घातली. उजेड असा मऊ आला की मुंबईच्या स्टुडिओने हेवा करावा. एका पोराला माश्या वारायला बसवलं.

तरी रबडी राखाडी आली. कॅमेऱ्याच्या मीटरला जगातली प्रत्येक गोष्ट अठरा टक्के करडी वाटते. पांढरी रबडी असो की काळी म्हैस, तो दोघींना एकाच रंगात आणून बसवतो. पांढऱ्यासाठी माणसालाच उजेडाचे दीड-दोन स्टॉप चढवून द्यावे लागतात. हे मी अंड्यावर शिकलो होतो, पण अंड्याभोवती तीस पोरं नव्हती. बाबांनी पडद्यावर पाहिलं आणि काळजीने विचारलं, "आमची म्हैस बिमार हाये का?" मी स्टॉप चढवले. रबडी पांढरी झाली, सायीचा पापुद्रा न् पापुद्रा दिसायला लागला. बाबा काही बोलले नाहीत, पण धोतर परत मागायचं विसरले.

तोवर वाटी बदलून बदलून चार वाट्या झाल्या होत्या. फोटोतली रबडी वाया कशी घालवायची? मी आणि मदतनीस, दोन-दोन.

आता पैसे काढायचे. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला होता. पुढे बडोद्यात, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो असा समज पसरला आणि धंदा बसला. आमच्याकडे फोटो काढून कोणी मरत नाही, भाव सांगताना फोटोग्राफर मरतो. माझ्या तोंडून बारीक आवाजात "पंधराशे" असं काहीतरी निघालं.

"एका फोटूचे?" पोरगा म्हणाला. "पासपोर्टचे त आठ भेटते ना."

मी वापराचा हक्क समजावून सांगायला लागलो. बाबांनी हाताने थांबवलं, आत गेले, आणि नोटा मोजून हातावर ठेवल्या. एक हजार तीनशे. मी पुन्हा मोजल्या. बाबा शांतपणे म्हणाले, "चार वाट्या, पन्नासप्रमानं. दोनशे."

परतवाड्याला आल्यावर भाऊंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला, वाटीच्या कडेवरची रेघ बोटाने दाखवून "बरा हाये" म्हणाले. मग हिशेब ऐकला. ऐकून खुर्चीत असे हसले की मागचं काश्मीर हललं.

"त्यानं तुयापेक्षा चांगले काढले बे."

आणि ड्रॉवरमधून पुन्हा एक अंडं काढून माझ्यासमोर ठेवलं.