रंगांधळ्याची पारख

मे महिन्यात अकोल्याच्या एखाद्या दाल मिलमध्ये गेलात, तर एसी शेठजींच्या गादीवर नसतो, डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स यंत्राच्या काचेच्या खोलीत असतो. बाहेर पारा ४५ च्या वर, हमाल घामानं निथळताहेत, चुनीची धूळ नाकातोंडात. आणि आत कॅमेरा गारव्यात. त्याला नावं ठेवता येत नाहीत. सेन्सर सात-आठ अंशांनी तापला, की उजेड नसतानाही त्यात साचणारा खोटा प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि नसलेले ठिपके उमटू लागतात. उन्हात नसलेलं दिसणं वऱ्हाडात माणसांनाही नवं नाही. पण माणसाला खिशात कांदा ठेवून भागवता येतं.

सॉर्टेक्स ही १९४७ साली लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी. आता यंत्र कोणाचंही असो, मिलवाल्यांच्या तोंडी ते सॉर्टेक्सच. त्यातला साधा कॅमेरा रंगांधळा असतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी नाहीतर निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्याहून जास्त उजेड तीच खाते. घाईच्या कामाला हे परवडत नाही. पन्हाळीवरून घसरलेली डाळ सेकंदाला तीनेक मीटर वेगानं कॅमेऱ्यासमोरून पडते. पाच मिलिमीटरचा दाणा दोन मिलिसेकंदांच्या आत नजरेआड. तेवढ्यात कॅमेरा तो एकेक रेघ करून वाचतो, निकाल लावतो, खालून हवेची फुंकर सुटते आणि डागी दाणा बाहेर.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "याले पिवयं-कायं समजत नाही म्हन्ता, मंग हा डाय काय निवडते?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर उजेडात आहे. लाल उजेडात पिवळी डाळ लख्ख दिसते, टरफलाचा काळा तुकडा काळाच राहतो. निळा उजेड लावला तर तीच डाळ काळवंडते. काकूंनी ऐकून घेतलं आणि 'सॉर्टेक्स क्लीन' छापलेली पुडी ताटात ओतून पुन्हा निवडायला घेतली. त्यांना वेळ लागतो, कारण डाळीबरोबर गल्लीही निवडून होते.

असाच कॅमेरा सूतगिरणीतही असतो. अमरावतीकडच्या कापसापुढे मात्र त्याची खरी फजिती. वेचणीत सुतळी, केस, चिंध्या येतात, त्या सूतगिरणीत दिसतात तरी. पण खताच्या पोत्याचा पांढरा प्लास्टिकचा धागा पांढऱ्या कापसात शिरला की साध्या उजेडात काहीच कळत नाही. तिथं ध्रुवित प्रकाश लावून त्याला चमकवावं लागतं.

तरीही चांगलं-वाईट कॅमेरा ठरवत नाही, ऑपरेटर ठरवतो: पडद्यावरचा एक आकडा. कडक केला तर चांगले दाणेही फुंकरीत जातात, म्हणून नापास माल परत एकदा फिरवतात. सैल केला तर डाग थेट फटक्यात, म्हणजे चांगल्या प्रतीच्या डाळीत. तुरीचा भाव चढला की तो आकडा हळूच सैल होत असावा, असा मला संशय आहे. एका मालकांना विचारलं, तर म्हणाले, तसं काही नसते भाऊ. आणि चहा सांगितला.