मी? मी!

इस्रायलात अश्दोदला राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. साल १९६९, वय चौदा. आईने शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला पिटाळलं. दार वाजवलं. आतून आवाज, "मी?" मी म्हटलं, "मी!" पुन्हा आतून, जरा चढ्या आवाजात, "मी?" मीही आवाज चढवला, "मी, मी!" शेवटी दार उघडलं ते हातात लाटणं घेऊनच. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. बाई बिचारी कोण म्हणून विचारतेय, आणि हे कार्टं तिच्याच दारात उभं राहून तिलाच विचारतंय, कोण, कोण!

तिथे आम्हाला म्हणतात 'होदी', म्हणजे हिंदुस्थानी. मला ते कायम 'होडी' ऐकू येतं, आणि ते काही खोटं नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ते आमचे पूर्वज, अशी आम्हा बेने इस्रायलींची कथा. त्यांनी तेलाचे घाणे टाकले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून कोकणाने नाव ठेवलं शनवार तेली. अश्दोदला बघतो तर शनिवारी बस बंद, दुकानं बंद. अख्खं गावच शनवार तेली! पण आम्हाला भाऊबंद म्हणेल तर शपथ. लग्नं लावताना तिथल्या धर्मगुरूंनी आमच्याच ज्यूपणाची उलटतपासणी मांडली होती. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारने आम्हाला पक्के ज्यू ठरवलं. दोन हजार वर्षं शनिवार पाळल्याची पावती मागितली तर कुठून आणायची?

आणि इकडे आमच्या गावी, रेवदंड्यात, मी 'इस्रायलचे पाहुणे'. परवा अलिबागहून येताना रिक्षावाला हसून म्हणाला, "काका, मराठी भारी बोलता हो. कुठे शिकलात?" म्हटलं, "इथल्याच पारनाक्यावर."

पण तो हसला का, ते कळलं. आमचं मराठी १९६९ सालच्या ट्रंकेत बंद आहे. मी दुकानात अजून 'पाटलोण' मागतो. खाडीपलीकडच्या कोर्लईकरांशी या बाबतीत माझं नातं आहे. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले, तरी ती मंडळी आजही घरात पोर्तुगीज वळणाच्या बोलीत भांडतात. आम्ही तिकडे 'मायबोली' नावाचं मराठी मासिक काढलं. नातवंडं त्यातली चित्रं बघतात.

मागल्या खेपेला इथून खवणीची विळी नेली. मटणाला गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही, नारळाचंच लागतं, आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाला डब्याचीच चव. विमानतळावर सामान तपासणारी पोरगी ते दातेरी पातं बघून दचकली. मी भर रांगेत पाटावर बसून हवेत नारळ खवून दाखवला. तिने साहेबाला बोलावलं. त्यालाही खवून दाखवला.

काल इथल्या जुन्या शेजारणीकडे गेलो. म्हातारी आता नव्वदीची. कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

माझ्या हिब्रू कानाला ऐकू आलं, 'कोण कोण?' क्षणभर उत्तरच सुचेना. मग म्हटलं, "तेलीणबाईंचा धाकटा."

"मग आत ये की मेल्या, उंबऱ्यात काय उभा!"

पान वाढलं. भाकरी, भात, लालभडक कालवण. मी चमच्याने ढवळायला लागलो तशी म्हणाली, "बघतोस काय? तुम्हाला बिनखवल्याचं चालत नाही, ठाऊक आहे मला. कोळंबी नाही घातली हो."

"मग हे काय?"

"जवळा."