चोर सोडून खुंटीला फाशी

इलेक्ट्रिक गिटार बेसूर व्हायला लागली की तिचा मालक बहुधा एकच निर्णय घेतो: खुंट्या बदलायच्या. नवा संच येतो, आरशासारखा चकचकीत. जुन्या भोकांत तो बसत नाही म्हणून भोकं मोठी केली जातात. गिटारचं डोकं आता दागिने घातल्यासारखं दिसतं. मग तारांचा सूर हलवणारा दांडा, म्हणजे व्हॅमी बार, एकदा जोरात दाबून सोडला जातो आणि गिटार होती तितकीच बेसूर निघते, फक्त आता महागडी बेसूर. माझं म्हणणं असं की या प्रकरणात खुंट्या जवळजवळ नेहमीच निर्दोष असतात. व्हायब्रेटोची, म्हणजे या बारच्या यंत्राची, दुरुस्ती म्हणजे तार जिथे जिथे अडते ती ठिकाणं शोधणं आणि तिची वाट मोकळी करणं. त्यात विकत घेण्यासारखं फारसं काही नसतं, आणि म्हणूनच हा उपाय कोणाला पटत नाही. फुकट औषधावर आपला विश्वास बसत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे वादकाला जे अशक्य वाटलं असतं ते त्याने बेधडक करून टाकलं: तारांचं खालचं टोक धरणारा अख्खा ब्रिजच हलता ठेवला. पुढच्या कडेला सहा स्क्रू, त्यांच्यावर झुलणारी पत्र्याची पट्टी, तिच्याखाली पोलादी ठोकळा आणि गिटारच्या पाठीत खोदलेल्या खोबणीत स्प्रिंगा. एका बाजूने सहा तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. नऊ-बेचाळीसचा बारीक तारांचा संच सुरात लावला तर सगळ्या मिळून सुमारे ३८ किलोंची ओढ होते. ही ओढ आणि स्प्रिंगांची ओढ जिथे एकमेकींना अडवते तिथे ब्रिज तरंगत उभा राहतो. आता एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे कलतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. सोसायटीत तळमजल्यावरच्याने नळ पूर्ण सोडला की वरच्या पाच मजल्यांवर अंगाला साबण लावून उभे असलेले लोक ओरडायला लागतात, तसंच हे. नवशिका वादक मग त्या पाचांना चढवतो, त्याने पहिली उतरते, आणि संध्याकाळ सत्कारणी लागते. यात बिघाड काहीच नाही, यंत्राचा स्वभावच तो. दोन-चार फेऱ्यांत सगळं जागेवर येतं. ज्याला इतका धीर नाही त्याने पियानो घ्यावा, तिथे दुसऱ्याला बोलवायची सोय आहे.

आता खुंटीची बाजू. गिटारच्या खुंटीत वर्म गिअर असतो. बटण १४, १५ किंवा १८ वेळा फिरवावं तेव्हा तार गुंडाळलेला खांब एकदा फिरतो. या रचनेची गंमत अशी की बटणाने खांब फिरतो, पण खांबाने बटण फिरत नाही. तार कितीही ओढली तरी ती खुंटी उलटी फिरवू शकत नाही. हे तत्त्वज्ञान नको असेल तर साधा पुरावा घ्या. बार खाली दाबा, तारा लुळ्या होऊ द्या, बार सोडा, आणि ट्यूनर बघा. बिघडलेल्या गिटारवर तार पुष्कळदा चढलेली सापडते. उतरलेली नव्हे, चढलेली! खुंटी घसरली तर तार फक्त उतरू शकते. आपण होऊन तार चढवणारी खुंटी अजून जन्माला आलेली नाही. म्हणजे चढलेली तार हा खुंटीच्या निर्दोषपणाचा दाखला आहे. घडतं ते असं: बार दाबल्यावर तार ढिली पडते आणि नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या खाचा पाडलेल्या पट्टीच्या, खाचेतून खुंटीच्या दिशेने केसभर सरकते, मिलिमीटरच्या आतच. बार सोडल्यावर तिला परत यायचं असतं, पण खाच अरुंद किंवा खरबरीत असली तर ती तिथेच अडते आणि अलीकडचा भाग जास्त ताणलेला राहतो. तीच तार बोटाने खेचून मींड घेतली तर उलटं होतं: ती खाचेतून ब्रिजकडे सरकते, परत जात नाही आणि उतरलेली राहते. एकाच तारेचा एकदा चढा आणि एकदा उतरा सूर ऐकू आला तर गुन्हेगार नट आहे, यावर मला आणखी साक्षीदार नको.

हा गुन्हेगार बोलतोही. तार लावताना नटपाशी बारीक ‘टिंक’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. म्हणजे अडकलेली तार सुटली. उपाय असा: तार बाजूला काढायची, खाच तिच्या जाडीपेक्षा किंचित रुंद होईल इतकीच बारीक कानस फिरवायची, खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला उतरता ठेवायचा, आणि वर मऊ पेन्सिलीचं शिसं घासायचं. कानस जास्त फिरली की तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो, म्हणून हात सैल आणि मन आवरलेलं हवं. इथे आपल्याकडच्या वादकाचा गोंधळ होतो, कारण त्याचे संस्कार उलटे आहेत. तंबोऱ्याची लाकडी खुंटी घर्षणावरच टिकते. ती घसरायला लागली की तिला खडू लावतात. मिरजेत तंबोरा बनवणाऱ्याला घर्षण हवं असतं, गिटार दुरुस्त करणाऱ्याला ते नको असतं, आणि दोघांचं औषध मात्र शाळेच्या दप्तरातच सापडतं. फक्त खडू आणि पेन्सिल यांची अदलाबदल होता कामा नये. नट झाला की बारीक तारांना दाबून धरणारी स्ट्रिंग ट्री, ब्रिजवरचे सॅडल आणि पट्टी जिथे स्क्रूंवर झुलते ती कड बघायची. या कडेला झिजून खड्डा पडला असेल तर ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी विसावतो. तिथे थेंबभर तेलाने भागलं तर ठीक, नाहीतर पट्टी नवी.

“पण जुन्या खुंट्या खरंच ढिल्या होतात,” असं कोणी म्हणेल. होतात. बटण डुगडुगतं, दात्यांमध्ये फट पडते. त्यासाठी एकच शिस्त: सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. वर गेला तर पुन्हा खाली उतरवून चढवायचा, म्हणजे फट ताणाखाली दाबलेली राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुंट्या इतक्या निर्दोष असतील तर तारा घट्ट पकडणाऱ्या लॉकिंग खुंट्यांनी फरक कसा पडतो? पडतो, पण त्याचं श्रेय गिअरला नाही. साध्या खांबावर तारेचे तीन-चार-पाच वेढे असतात. बार दाबल्यावर ते सैलावतात आणि परत येताना वेगळे बसतात. लॉकिंग खुंटीत वेढेच जवळजवळ नसतात. साध्या खांबावर वेढे मोजून, एकाखाली एक नीट घेतले तरी त्यातला बराच फायदा मिळतो. आणि ज्यांना फ्लॉइड रोझचं नाव घेऊन मला गप्प करायचं आहे त्यांचे मी आभारच मानतो. या गृहस्थाने १९७० च्या दशकात नटच्या जागी तारा आवळून टाकणारा क्लॅम्प बसवला, १९७९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तो जगाला ऐकवला. त्यात खुंट्यांचं काय झालं? त्या सेवानिवृत्त झाल्या. क्लॅम्प आवळल्यावर खुंटी कितीही पिळा, सुरावर ढिम्म परिणाम होत नाही. म्हणून पुढे ब्रिजवरच बारीक सूर लावायचे छोटे स्क्रू द्यावे लागले, तंबोऱ्याच्या मण्यांचं काम करणारे. बेसूरपणाचा सगळ्यात कडक इलाज नटवर झाला, खुंटीवर नाही. बदल्यात वादकाला आयुष्यभर अॅलन की शोधत फिरावं लागतं, तो भाग वेगळा.

सगळ्यात चतुर आक्षेप एरिक क्लॅप्टनच्या गिटारमध्ये आहे. त्याने स्ट्रॅटच्या पोलादी ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज हलायचाच थांबवला. उत्तम तोडगा. ज्याला बार वापरायचाच नाही त्याने हाच करावा. पण याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसने कॉफमन व्हायब्रोला हा जुना व्हायब्रेटो पॉल बिग्सबीकडे नेला तो सुरात राहावा म्हणून, आणि त्या दुरुस्तीच्या खटपटीतूनच बिग्सबीने पुढे स्वतःचं वेगळं यंत्र बनवलं. बिग्सबीने लाकडाचा तुकडा ठोकला असता तर वाद्यसंगीताचा एक अख्खा प्रवाह जन्मला नसता. राहिला जिमी हेंड्रिक्स. तो तर वाजवता वाजवताच सूर लावून घेई. हा मार्ग सर्वांना खुला आहे, अट फक्त हेंड्रिक्स असण्याची.

एवढं करूनही कोणी म्हणेल की जी मेजर कॉर्डमधला बी मला अजून टोचतो, तर त्याचा कान खरा आहे. समान स्वरांतराच्या फ्रेटवर हा गंधार, तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो त्या गंधारापेक्षा, अर्ध्या स्वराच्या १०० भागांपैकी सुमारे १४ भाग चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं तेव्हा तिच्या ठरीव सुरांबद्दल अशीच कुरकूर चालू होती. या १४ भागांसाठी गिटार दुरुस्तीला नेली, तर दुरुस्ती करणाऱ्याला सगळे फ्रेट उपटावे लागतील, आणि मग तिचा सरोद होईल.