बंद पडावं तर मलकापुरात

पुणे-बंगळूर महामार्गावर गाडी बंद पडणारच असेल, तर ती कराडशेजारच्या मलकापुरात पडावी, असं आमचं ठाम मत झालं आहे. इतरत्र बंद पडली की मागचे हॉर्न वाजवून पूर्वजांचा उद्धार करतात. मलकापुरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथं सगळ्याच उभ्या असतात. आपली बंद आहे आणि बाकीच्यांच्या चालू आहेत, एवढा सूक्ष्म फरक ओळखायला बोनेटला कान लावावा लागतो.

ही सोय आपोआप झालेली नाही. सातारा ते कागल रस्ता चौपदरीचा सहापदरी करायला घेतला, २०२३ मध्ये इथले जुने उड्डाणपूल पाडले आणि नवा उभा राहीपर्यंत अख्खी वाहतूक सेवारस्त्यावर आणून सोडली. सहा पदर मिळायचे असतील तर आधी चारांवरचा मोह सोडावा लागतो. या महामार्गाचा ४ नंबर जाऊन ४८ झाला, ते काम मात्र एका फटक्यात उरकलं होतं. त्यात खडी लागत नाही.

गाडी इथंच का दगा देते, याचं शास्त्र सोपं आहे. खंबाटकी घाट चढताना इंजिन तापतं. पण गाडी पळत असल्यामुळे समोरून वारा तरी लागतो. मलकापुरात पळण्याचा प्रश्न नाही. सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर, आणि ड्रायव्हरचा डावा पाय अर्ध्या क्लचवर. पुढचा हातभर सरकला की आपण हातभर सरकायचं, नाहीतर मधे दुचाकी शिरते. थोड्या वेळानं जळका वास येतो. मागच्या सीटवरून प्रश्न येतो, “निघताना गॅस बंद केला होतात ना?” तो वास घरचा नसून क्लचप्लेटचा आहे, हे सांगायची ताकद कुणात उरलेली नसते. मग काटा तांबड्यात जातो. कुणीतरी जाणकार सांगतो, एसी बंद करा आणि हीटर लावा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येईल. उपाय अगदी खरा आहे. मे महिन्यात भर दुपारी तो केला की इंजिन वाचतं आणि संसार धोक्यात येतो.

तरीही गाव पाहा कसलं निवडलंय! मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून मलकापूरचं नाव झालं. रेडिएटर कोरडा पडावा तर इथंच. फक्त तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये, वाफेनं हात भाजतो. उघडलंच, तर कृष्णा रुग्णालयही मलकापुरातच आहे. तिथवर गाडीनं जायचा विचार मात्र करू नये.

बोनेट उघडलं की तज्ज्ञ समिती जमते. तिला पत्र लागत नाही, भत्ता लागत नाही. “काय झालंय वो पावनं?” इथून सुरुवात. “सेल्फ मारा बघू.” मारला. “हेड गेलं.” दुसरा म्हणतो, “हेड न्हाई, पंप गेलाय. आमच्या मेव्हण्याच्या गाडीला असंच झालतं.” मेव्हण्याची गाडी पुढं भंगारात गेली, ही माहितीही आपुलकीनं पुरवली जाते. तिसरा एव्हाना फिटरला फोन लावून मोकळा झालेला असतो. फिटर निघालाय, पण तोही याच कोंडीत, चार गाड्या मागं. शेवटी उसाचा ट्रॅक्टरवाला टोचन लावतो, पैसे विचारले तर लाजतो आणि चहा पाजून निघून जातो. महामार्गावरची एवढी एकच आपत्कालीन सेवा आजवर निविदेविना चालू आहे.

तशी सरकारी सेवाही आहे. १०३३ फिरवावा. फक्त त्याआधी आपण नेमके कुठं आहोत, ते किलोमीटरचा दगड पाहून ठेवावं. दगड डायव्हर्जनच्या पलीकडे असतो आणि आपण अलीकडे. रस्त्यावर बाकी दगड भरपूर असतात. बंद ट्रकच्या मागं झाडाची फांदी आणि चार धोंडे मांडायची आपली जुनी रीत. ट्रक दुरुस्त होऊन जातो, धोंडे पुढच्या गिऱ्हाइकासाठी राहतात. त्यावर टायर फुटला की पंक्चरवाल्याचं दुकान चालतं. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच.

या सगळ्या पसाऱ्यात कधीच बंद न पडणारी वस्तू एकच. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे: पुण्याहून मलकापूर गाठेपर्यंत तीन टोलनाक्यांवर काचेवरचा फास्टॅग बिनचूक वाचला जातो. आपलं इंजिन तापेल, यंत्राचं डोकं तापत नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला तर खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांत वर्षभराचा पासही सुरू झाला. त्यात २०० फेऱ्या मोजून देतात. तास मोजून दिले असते, तर तो पास मलकापुरातच संपला असता.

आमची तक्रार फार मोठी नाही. खासगी मोटारीला १५ वर्षं झाली की तिला परिवहन कार्यालयात उभं राहून फिटनेस सिद्ध करावा लागतो. धंद्याच्या गाडीला तर आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढं दरसाल. ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर बघतात. मग ज्याच्यावर चालून ही गाडी अनफिट होते, त्या रस्त्यालाही दरसाल तपासायला काय हरकत आहे? नापास झाला, तर पास होईपर्यंत टोल बंद. कराडला एमएच ५० चं कार्यालय आहेच, लांब जायला नको. रस्त्यानं ठरल्या तारखेला हजर व्हावं, एवढंच. अडचण एकच दिसते. साताऱ्याकडून निघालेला रस्ता वेळेत पोचेल. कोल्हापूरकडून येणारा मात्र मलकापुरात अडकेल.